कुडाच्या पलीकडची जर्मनी

“काहो वहिनी, तीन बांध्या विकल्या म्हने तुम्ही पोट्टीसाठी?”

आमच्या हिनं हा प्रश्न कुडावरून टाकला तेव्हा मी ओसरीवर पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर समोर धरून बसलो होतो. केशोरीत बातमी कळायला पेपर लागत नाही.

“विकाले आहेत कुठं माह्यापाशी तीन बांध्या?” शेजारच्या वहिनी उसळल्याच. “कर्ज काढलं बँकेचं. जर्मनीतली फी नाही लागत, नागपूरच्या कॉलेजात भरली तेवढीच. अदलाबदलीत जातात ना पोरं, सहा महिने. पन खोली आपली, खानं आपलं. व्हिसा देताना आधी खात्यात पैसे दाखवा म्हनतात. महिन्याचे 992 युरो. सहा महिन्याचे सहा लाखाच्या घरात गेले! अन् आपलेच पैसे, पन एकदम काढता येत नाही. महिन्याच्या महिन्याले तेवढेच सोडतात.”

“बाप्पा! आपल्या बचत गटाहून कडक.”

“मंग!”

हिचं समाधान झालं नव्हतं. खरी बातमी अजून कुडाच्या पलीकडे होती. “अन् ते होस्टेलवाल्यांनी काढून टाकलं म्हनतात तिले? पिठाच्या गिरनीवर बायका बोलत होत्या.”

“काढून कोन टाकते? तिनंच खोली बदलली.”

पेपर खाली ठेवला मी. ही पोरगी सहावीपासून होस्टेलमध्ये वाढलेली. नवेगावबांधच्या नवोदयला लागली, ते दहा-अकरा वर्षांची असताना. नववीत नवोदयवाले काही पोरांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यात पाठवतात आणि तिकडची पोरं इकडे आणतात; त्यात ही हिंदी मुलखात जाऊन आली. परत आली तेव्हा आईशी भांडतानासुद्धा हिंदीत भांडायची. तेव्हा जर्मनीचं होस्टेल तिला जड जाईल, असं आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“जेवनाचं जमलं नसन,” ही म्हणाली.

“जेवनाचं काय, शिजवते ती. पेढे नाही नेऊ दिले, दुधाचं अन् मटनाचं तिकडं घेऊन जाता येत नाही. तिखट नेलं आपल्या केशोरीचं, किलोभर. पहिल्या दिवशी फोडनी दिली तं धुराची घंटी वाजली. सारा मजला खाली उभा! तिले वाटलं, आता आपल्याले धाडतात परत. तं एक पोट्टा हासला अन् म्हने, मी आलो तवा मी पन वाजवली होती.”

“अन् ऐतवारी दुकानं बंद म्हने?”

“सारी बंद. पहिला ऐतवार बिस्किटावर काढला लेकरानं. कचऱ्याचे डबे चार. कागद याच्यात, साली त्याच्यात. पान्याची बाटली दुकानात नेऊन दिली तं पंचवीस सेंट वापस.”

“मंग बाटल्याच येचाव्या ना तिनं. कर्ज फिटन.”

वहिनी हसल्या. मग थंडीचं निघालं. तिकडे हीटर चालू असला तरी दिवसातून दोनदा खिडकी सताड उघडावी लागते, नाहीतर भिंतीला बुरशी धरते, आणि त्याचे पैसे भाडेकरूच्या अनामतीतून कापतात. हिला ते पटेना. गोठणगावच्या तिबेटी बाईकडून घेतलेलं जाड स्वेटर मग कशाला नेलं, असा तिचा सवाल. खरं तर परक्या मुलखात राहायचं कसं, हे विचारायला आमच्या शेजारीच माणसं होती. 1972 पासून तिबेटी लोक गोठणगावला वसलेत. बर्फातून आले आणि आमच्या मे महिन्यात राहिले. त्यांना ते कसं जमलं, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? आपण स्वेटरचा भाव विचारला, आणि तोही पाडून मागितला.

“मंग खोली काहून बदलली?” ही काही सोडणाऱ्यातली नव्हे.

वहिनींनी पदरानं हात पुसले. “झोपच नाही ये तिले. एकटीची खोली भेटली ना. संडास-बाथरूम आतच, शेगडी आतच. मी म्हटलं, राजाची खोली आहे, काहून रडतेस? तं म्हने, आई, चार-चार दिवस माह्या तोंडून शब्द नाही निघत. नवोदयले एका हॉलमध्ये साऱ्या पोरी. एक घोरते, एक अभ्यास करते, पहाटे पीटीची शिट्टी. इथं कोनी शिट्टीच मारत नाही म्हने! मी म्हटलं, दार उघडं ठेवून बस. ठेवलं तिनं. तं जानारा-येनारा चुकून राहिलं समजून लावून घेते, अन् वरून सॉरी म्हनते.”

“अगो माय!”

आता मला राहवेना. ओसरीवरूनच सांगितलं, बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा आधी हार्टली हॉल नावाच्या वसतिगृहात उतरले. तिथलं जेवण रुचेना, म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले, आणि ती मैत्री जन्माची झाली.

“पाहा!” वहिनींना वकील मिळाला. “त्याईनं दोन जागा बदलल्या. माह्या पोरीनं एक बदलली तं गिरनीवर सभा! आता सहा जनींत राहाते. सैपाकखोली एक. आपल्या जागी दुसरं मानूस शोधून द्या लागलं, तवा सोडलं पहिल्या खोलीतून. व्हिएतनामची एक पोट्टी आहे तिथं. आपली मिरची खाते अन् डोर्‍यातून पानी नाही काढत!”

हे मात्र हिला मानवलं नाही. केशोरीची मिरची खाऊन कुणी रडलं नाही, यात गावाचा अपमान आहे असा तिचा चेहरा.

“बरं, अदलाबदल म्हनता,” ती म्हणाली, “आपली तिकडं गेली. तिकडची कोन आली?”

“पोट्टा आला ना एक, नागपूरले. मेसमधले पोहे खाऊन कंटाळला म्हने. अन् खोलीत तिघं-तिघं, त्याले एकटं कुठं बसावं समजत नाही. पोरीनं त्याले आपल्या मंडईच्या जत्रेचं आवतन देऊन ठेवलं. पुढच्या हप्त्यात येते.”

“इथं?”

“मंग कुठं? नाटक पाहाचं म्हनते झाडीपट्टीचं.”

“अवो, पन त्याईच्या तिकडं रातच्या दहानंतर आवाज नाही करत म्हने. नाटक तं सुरूच होते दहानंतर, अन् सुटते पहाटे!”

“तेच सांगाले आली. माह्याकडं पाहुने भरले आहेत. झोपाले तुमच्याकडं टाकू का त्याले?”

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी पेपर उचलला.

“टाका,” ही म्हणाली. “पन संडासात पानी वापरते का कागद, ते आधी विचारून ठेवा.”