तृप्तांस आमंत्रण

ज्या जलाशयात खाद्याचा दुष्काळ असतो तेथे मासा गळाला लावणे हे फारसे बुद्धीचे काम नव्हे. उपाशी प्राण्यास आमिषाची पारख करण्याइतकी फुरसत नसते, आणि गांडूळ, कणकेची गोळी, फार काय सदऱ्याची चकचकीत गुंडी जरी पुढे आली, तरी तो ती आधी गिळतो व विचार मागाहून करतो. खरी कसोटी लागते ती सुबत्तेत. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टेनेसी नदीस बांध घालून १९३९ साली गंटर्सव्हिल नावाचा जो अफाट जलाशय निर्माण झाला, त्यात शरद ऋतूच्या सुमारास शॅड नावाच्या चंदेरी माशांची अशी काही दाटी होते, की पाण्यात मासे आहेत असे म्हणण्यापेक्षा माशांत थोडे पाणी आहे असे म्हणणेच अधिक सयुक्तिक ठरावे. हे शॅड आमच्या कोकणातल्या तारलीच्या गणगोतापैकी. पाणी निवू लागले की त्यांचे थवे मुख्य पात्र सोडून आजूबाजूच्या फाट्यांत शिरतात. त्यांच्या मागोमाग, भला मोठा जबडा व हिरवट अंग असलेला बास नावाचा सरदार आपल्या लवाजम्यासह येतो. आणि त्याच्याही मागोमाग, एका खिशात सरकारी परवाना व दुसऱ्या खिशात होडीच्या कर्जाचे हप्ते बाळगणारी मनुष्यजात येते. आमचे जावई या शेवटच्या वर्गात मोडतात.

जावईबापूंची मोटार पावसात उभी असते, कारण मोटारखान्यात आमिषे राहतात. माझी उभी हयात महसूल खात्यात गेली, परंतु इतके बिनचूक लावलेले दप्तर मी कोणत्याही कचेरीत पाहिले नाही: बुडणारी, तरंगणारी, मध्येच अधांतरी थबकणारी, पोटात छर्रे घालून खुळखुळणारी, तारेवर पत्र्याची पाती फिरवणारी, अशी प्रत्येकीस स्वतंत्र पेटी व प्रत्येक पेटीस चिठ्ठी. त्यांतले एक मी हातात घेऊन निरखले. लांबी चार बोटे, पाठ निळसर, पोट रुपेरी, शेपटीस पिवळट झाक, आणि कल्ल्याच्या मागे, खऱ्या शॅडला असतो अगदी तेथेच, एक काळा तीळ. खऱ्या माशाच्या पाठीवरील पराचा शेवटचा काटा बारीक होत मागे लांबत जातो, तेवढा मात्र कारागिराने हिशेबातून वगळला होता.

“हे इतकं हुबेहूब कशाला?” मी विचारले.

“बाबा, तो जे खातोय तेच त्याला द्यावं लागतं. त्याच मापाचं, त्याच रंगाचं. नाहीतर तो ढुंकून बघत नाही.”

हे मत त्या प्रांतात बहुमान्य आहे, आणि ज्या वर्षीची पिल्ले चार बोटांची असतील त्या वर्षी वीतभर लांबीचे आमिष फेकणाऱ्याकडे लोक कीवेने पाहतात, हेही खरे. परंतु मला त्यात एक तर्कदोष दिसला. भोवती दहा हजार खरे शॅड विनामूल्य फिरत असता त्यांच्याशी तंतोतंत जुळणारा दहा हजार एकावा खोटा शॅड बासने निवडावा, तो कोणत्या मुद्द्यावर? लग्नाच्या पंगतीत जिलबीचा पाचवा फेरा चालू असताना सहाव्या वाढप्याने तीच जिलबी पुढे केली तर पाहुणा ताटावर आडवा हात धरतो; आणि तोच पाहुणा, कोणी पापडाचा तुकडा घेऊन आला तर हात बाजूला घेतो. म्हणूनच दुसरा एक संप्रदाय उलट सांगतो की आमिष थोडे मोठे असावे, थोडे भडक असावे, थव्याच्या मधोमध न टाकता कडेला किंवा खाली पडावे, आणि मुख्य म्हणजे, त्याची तब्येत बरी नाही असे दिसावे.

या दुसऱ्या पक्षाचा आद्य आचार्य फिनलंडमधला. लाउरी रापाला नावाचा एक गरीब कोळी होता. मोठा मासा धडधाकट थव्यातून नेमका तोच उचलतो, जो पोहताना किंचित झोकांड्या खातो, हे त्याने तळ्यावर बसून पाहिले, आणि १९३६ साली बुचाच्या लाकडातून एक आमिष कोरून, त्यास चॉकलेटची चांदी गुंडाळून, छायाचित्रांच्या निगेटिव्ह फिल्म वितळवून केलेला लेप वर चढवला. त्या आमिषाचे सारे भांडवल म्हणजे त्याचे लंगडणे. पुढे १९६२ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाने मॅरिलिन मन्‍रोच्या मृत्यूच्या अंकातच त्यावर लेख छापला, आणि तिच्यासाठी अंक घेणाऱ्या असंख्य दुःखितांनी तो लेखही वाचल्यामुळे मागणी पुरवता पुरवता कारखान्याची दमछाक झाली.

शास्त्रज्ञांचा कौलही साधारण इकडेच पडतो. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकट्या चिमुकल्या माशाला बासने तत्काळ गट्ट केले, पण तसेच आठ एकत्र पोहू लागले की त्याची मती गुंग होऊन बहुधा एकही हाती लागेना. मात्र त्या आठांत एकदोन निळ्या रंगाने रंगवून सोडले, तेव्हा त्याचा नेम पुन्हा बसू लागला. सुबत्ता म्हणजे केवळ भरले पोट नव्हे, ती एक प्रकारची भोवळ असते. आणि ज्या आमिषावर नजर ठरते ते आमिष, माझ्या मते, माशावर उपकारच करते. गळ हा त्या उपकाराचा जुलमी भाग झाला, एवढेच.

रंगाविषयी मात्र दुकानदारांनी जो डांगोरा पिटला आहे तो मला मान्य नाही. इलिनॉयच्या संशोधकांच्या मते बासला लाल व हिरवा ओळखता येतो, परंतु पोपटी-पिवळा व पांढरा यांत, तसेच निळा व काळा यांत, त्याचा घोटाळा होतो. आणि जावईबापूंच्या संग्रहात या चार रंगांच्या ज्या असंख्य सूक्ष्म छटा आहेत, त्या पाहता मासे पकडणारी आमिषे थोडी व मासे पकडणाऱ्यांना पकडणारी आमिषे फार, असा माझा दाखला आहे. अलाबामाच्याच नावाची एक छत्रीवजा तारांची चौकट निघाली आहे, तिला एकदम पाच खोटे मासे टांगतात, म्हणजे आमिष न फेकता थवाच फेकतात. ऑक्टोबर २०११ मध्ये पॉल इलायस याने गंटर्सव्हिलवरच ती वापरून मोठी स्पर्धा जिंकली, आणि पुढल्या वर्षी बॅसमास्टरच्या वरिष्ठ स्पर्धांत तिच्यावर बंदीचा हुकूम निघाला. यातही मौज अशी, की जाणते लोक मधला पाचवा मासा मुद्दाम निराळा लावतात.

मी बरोबर जलाशयावर गेलो त्या दिवशी जावईबापूंनी हुबेहूब तीळवाले आमिष थव्याखाली बुडू दिले, दोनदा ओढले, आणि मग माझ्याशी बोलण्याच्या नादात ते तसेच सोडून दिले. त्या आळसातच झटका बसला. थबकलेला मासा आजारी वाटतो. वर आला तो भला थोरला बास, आणि त्याच्या घशातून एका खऱ्या शॅडची शेपटी अजून बाहेर डोकावत होती. मी मनातल्या मनात कोकमे भिजत घातली. तोच जावईबापूंनी त्याचे तोलमाप करून त्यास अदबीने पाण्यात सोडून दिले. १९७२ साली रे स्कॉट नावाच्या गृहस्थाने स्पर्धांतून जिवंत मासा परत सोडण्याची प्रथा रूढ केली म्हणतात. आमच्या मनास पटणारा बासमार एकच, जॉर्ज पेरी: १९३२ साली जॉर्जियात त्याने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला, जो विक्रम अद्याप निर्विवादपणे कोणी मोडलेला नाही, आणि घरी नेऊन तो कुटुंबासह खाल्ला.

“अहो बाबा, बास कोणी खात नाही इथं,” जावई म्हणाले. परतताना आम्ही बाजारातून शेतात पाळलेल्या कॅटफिशचे काप घेतले. मुलीने रवा लावून तळले, बरे लागले.