दिवा गेला, हवा तशीच

डॅशबोर्डवर नालाच्या आकाराचं पिवळं चित्र उमटतं, मधोमध उद्गारचिन्ह. अर्थ एवढाच, की टायरमध्ये हवा कमी आहे. माणूस मग काय शोधतो? पंप नव्हे, बटण! व्हिडिओ बघतो, मेन्यूत शिरतो, ‘रिसेट’ दाबतो. दिवा गेला, की गाडी दुरुस्त झाली अशा आनंदात थेट एक्स्प्रेस वेला लागतो. रोग रेड्याला, औषध पखालीला.

गंमत अशी, की बऱ्याच गाड्यांत टायरमधली हवा कोणी मोजतच नाही. एबीएसचे सेन्सर चाकांचा वेग बघतात. हवा उतरली की चाक किंचित बसतं, इतरांपेक्षा जास्त फेरे मारतं आणि संगणक चहाडी करतो. रिसेट दाबणं म्हणजे त्याला बजावणं, ‘आत्ता आहे तेच बरोबर.’ टायर २४ पीएसआयवर असताना दाबलंत, तर तो २४ ला बरोबर मानून गप्प बसतो. (पासिंगचे मार्क खाली आणून निकाल वाढवणाऱ्यांना हे तंत्र शिकवावं लागत नाही.) चारही टायर हळूहळू सारखेच उतरले, तर यातल्या काही सिस्टिमना पत्ताही लागत नाही. व्हॉल्व्हपाशी सेन्सर असलेली महागडी जात खरोखर हवा मोजते. तिच्यापुढे बटणाची मात्रा फारशी चालत नाही, म्हणून तिच्या नावाने शिव्या जास्त.

अमेरिकेत हा दिवा हौसेनं आलेला नाही. फोर्ड एक्सप्लोररच्या फायरस्टोन टायरांची साल सुटून गाड्या उलटल्या, माणसं मेली, तेव्हा २००० साली कायदा झाला. आपल्याकडे २०२० मध्ये केंद्रानं सूट दिली : ट्यूबलेस टायर, पंक्चरचं किट आणि हवेवर नजर ठेवणारी ही यंत्रणा असेल, तर छोट्या गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल. म्हणजे डिकीतलं पाचवं चाक देऊन आपण हा दिवा घेतला. आणि आता तोही नको झालाय.

पंपावर पोरगा विचारतो, ‘किती मारू?’ साहेब बायकोकडे बघतात आणि म्हणतात, ‘मार बत्तीस-तेहतीस.’ खरा आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो, साहेबांपासून हातभर अंतरावर. अनेकदा पुढच्या चाकांना वेगळा, मागच्यांना वेगळा, गाडी भरलेली असली तर आणखी वेगळा. शिवाय तो गार टायरचा. दोन तास गाडी हाणून आल्यावर तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते, पोरगा इमानदारीत ‘जास्तीची’ सोडून देतो आणि पहाटे गारठ्यात दिवा पुन्हा हजर. यावर उपाय म्हणून साहेब पैसे मोजून नायट्रोजन भरतात. फुकटच्या हवेतही तो ७८ टक्के असतो, पण त्याची पावती मिळत नाही.

आधी गार टायरमध्ये खांबावरच्या आकड्याइतकी हवा, मग रिसेट. क्रम मॅन्युअलमध्ये छापलाय. मॅन्युअल समोरच्या कप्प्यात आहे, शोरूमच्या प्लास्टिकसकट.