कमळ कुठंय?

"गाइड नको. मीच आहे."

पहिल्या लेण्याच्या पायऱ्यांवर हे वाक्य मी उच्चारलं तेव्हा समोरच्या सरकारमान्य गाइडनं माझ्याकडे एका विशिष्ट नजरेनं पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची आहे. 'फॉर्म मला भरता येतो' म्हणणाऱ्या ग्राहकाकडे मी बँकेत तशीच पाहतो.

संभाजीनगरचा माणूस अजिंठ्याला स्वतःसाठी कधीच जात नाही, पाहुण्यांसाठी जातो. पुण्याचे मावसभाऊ, बायकोच्या मैत्रिणी, बदलून आलेले साहेब. अशा अकरा फेऱ्या माझ्या नावावर जमा आहेत, आणि अकराही वेळा चौथ्या लेण्यापाशी कुणाचा तरी गुडघा नाहीतर कुणाची तरी भूक आडवी आली आहे. त्यामुळे माझं अजिंठा चारच लेण्यांचं. पण अधिकारवाणीला तेवढं पुष्कळ होतं. ह्या वेळी मी वाचनालयातून दोन जाडजूड पुस्तकं आणली, पे-इन स्लिपांच्या पाठीमागे टिपणं काढली आणि सहावीतल्या लेकीला म्हटलं, "चल. आज तुला तुझा वारसा दाखवतो."

शब्द हाच वापरला होता. वारसा. लक्षात असू द्या.

गेली तीन वर्षं माझी नोकरी परभणीला आहे. शनिवारी रात्री घरी, सोमवारी पहाटे परत. मी रविवारचा बाप आहे. रविवारच्या बापाला सगळं एका दिवसात द्यायचं असतं: गणित, संस्कार, सायकलची हवा आणि जमलं तर दोन हजार वर्षांचा इतिहास. फर्दापूरच्या फाट्यावरून लेण्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये चार किलोमीटरांत मी सातवाहन संपवून वाकाटकांपर्यंत आलो. लेक खिडकीतून माकडं मोजत होती.

आता पहिलं लेणं. चपला बाहेर, एका वेळी ठरावीक माणसं आत, आणि आत तो गारेगार अंधार. डोळे सरावले तसा मी थेट गाभाऱ्याकडे चालत गेलो आणि उजव्या बाजूच्या भव्य आकृतीसमोर उभा राहून सुरुवात केली. "हा पद्मपाणी. पाहा, झुकलेल्या पापण्या. पाहा, करुणा. जगाचं दुःख पाहून हा बोधिसत्त्व…" आवाज मी मुद्दाम खालच्या पट्टीत ठेवला होता. तो अंधारात छान घुमत होता. हळूहळू भोवती माणसं जमली. नागपूरच्या एक काकू शेजारणीला म्हणाल्या, "मोठं छान सांगून राहिले हे." मी आणखी खालच्या पट्टीत गेलो. करुणेवरून मी कलेतल्या रेषेवर आलो, रेषेवरून भारतीय मनावर. काकूंच्या यजमानांनी अदबीनं विचारलं, "तुम्ही किती घेता हो?"

खरं सांगतो, रकमेचा विचार क्षणभर माझ्या मनात येऊन गेला.

तेवढ्यात कमरेपाशी आवाज आला, "बाबा, पद्म म्हणजे कमळ ना?"

"हो."

"मग याच्या हातात कमळ कुठंय?"

शांतता पसरली. मघाचाच गाइड दुसऱ्या कुणाला घेऊन मागे उभा होता. अतिशय सौम्यपणे, थोरल्या भावानं सांभाळून घ्यावं तसा तो म्हणाला, "सर, कमळवाले डावीकडचे. तुम्ही सांगताय ते वज्रपाणी." आणि त्याची बॅटरी डावीकडे वळली. तिथं निळं कमळ धरून खरे पद्मपाणी उभे होते. झुकलेल्या पापण्या, करुणा, सगळं जिथल्या तिथं. नागपूर तिकडे सरकलं. माझ्यासमोर वज्रपाणी आणि मी, दोघेच उरलो.

पुढच्या पंधरा मिनिटांत तो गाइड आमचा झाला. कसा, ते विचारू नका. त्यानं लेकीला एका खांबाच्या माथ्यावर कोरलेली चार हरणं दाखवली. शरीरं चार आणि डोकं एकच. कुठल्याही हरणाकडे पाहिलं की ते डोकं त्याचंच वाटतं. मग मूर्तीच्या चेहऱ्यावर कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं उजेड टाकून दाखवला. एका बाजूनं बुद्ध ध्यानस्थ, दुसऱ्या बाजूनं किंचित हसरे. "हसतायत, बाबा!" लेक ओरडली. मलाही माझ्याकडेच पाहून हसल्यासारखे वाटले.

दहाव्या लेण्यात मात्र मी गाइडला थांबवलं. तिथला विषय माझा आहे.

तिथल्या एका खांबावर, रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर ओरखडून एका माणसानं आपलं नाव आणि तारीख लिहून ठेवली आहे. जॉन स्मिथ, मद्रास इलाख्याचं 28 वं घोडदळ, 28 एप्रिल 1819. साहेब वाघाच्या शिकारीला आला होता. एप्रिलच्या अखेरीला आमच्याकडे वाघदेखील सावली सोडत नाही, पण साहेबाचं काम वेगळं. वाघ काही सापडला नाही, लेणी सापडली, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या चैत्यगृहात शिरल्यावर त्याला पहिली गोष्ट सुचली ती खिशातून काहीतरी टोकदार काढायची. बरं, नाव तरी काय? जॉन स्मिथ! आपल्याकडे सुरेश पाटील असावेत तितके त्यांच्याकडे जॉन स्मिथ. नुसतं 'सुरेश पाटील' लिहून काय साधतं? कुठला, कोणाचा, काय शोधायचं माणसानं? तेव्हा गुंफेत दगडमातीचा ढीग साचलेला होता, त्यावर उभं राहून त्यानं हा पराक्रम केला. पुढं ढीग उपसला, जमीन खाली गेली आणि नाव राहिलं वर. आज आपण मान उंच करून जॉन स्मिथला पाहतो. हा मान काही वराहदेवालाही नाही. तो बिचारा वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री. त्यानं आधी सोळावं लेणं आख्खं खोदून दिलं आणि मगच शिलालेख लिहवला. पद्धत ही असते.

आणि ते 'शोध लावला' प्रकरण. त्याला वाट एका गुराखी पोरानं दाखवली असं सांगतात. लेण्यांच्या जवळच्या गावाचं नावच लेणापूर! ज्या गावाच्या नावात लेणी आहेत तिथल्या लेण्यांचा शोध लागतो म्हणजे नेमकं काय होतं? उद्या कुणी इंग्रज आमच्या गल्लीत येऊन माझ्या आईचा शोध लावेल. पुस्तकात जॉन स्मिथ. त्या पोराचं नाव नाही, आणि लेणापूरचंही नाही. लेण्यांना नाव मिळालं ते घाट चढून वर असलेल्या अजिंठा गावाचं.

"तू चिडलास का?" लेकीनं विचारलं.

"नाही. माहिती सांगतोय."

चिडण्याचं एक कारण मी तिला सांगितलं नव्हतं. 1988 सालची आमची सहावीची सहल. युनेस्कोनं 1983 मध्ये जागतिक वारशात घेतलेल्या ह्या ठिकाणी पाचच वर्षांत मीही माझी भर घालायला निघालो होतो. विसाव्या लेण्याच्या पुढे, वाटेकडेच्या उघड्या कातळावर, कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन. सातवाहनांच्या माणसांनी ह्याच दगडात सबंध चैत्य कोरला. माझ्या आद्याक्षराचा काना होण्याआधीच कर्कटकाचं टोक मोडलं आणि पाठीत सरांचा हात बसला. तो अर्धा काना शिल्लक आहे का, हे पाहायचंच होतं. वारसाबिरसा नंतर.

लेकीला स्मिथमध्ये रस नव्हता. तिचा प्रश्न निराळाच. "या चित्रांवर सही का नाही? आमच्या ड्रॉइंगच्या बाई नाव नसेल तर दोन मार्क कापतात." त्याला माझ्या स्लिपांत उत्तर नव्हतं. गाइडकडेही नव्हतं, हे बघून जरा बरं वाटलं.

सतराव्यात पोचेपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले होते. गाइडनं आम्हाला एका भिंतीसमोर नेलं. प्रचंड मोठा बुद्ध, हातात भिक्षापात्र. समोर, अगदी लहान वाटावी अशी एक बाई आणि तिनं पुढे केलेलं पोर. दोघांच्या माना वर.

"हे बुद्ध आपल्या घरी आलेत, कपिलवस्तूला," गाइड म्हणाला. "ही यशोधरा आणि हा मुलगा राहुल. आई त्याला सांगतेय, हे तुझे वडील. जा, त्यांच्याकडे वारसा माग."

माझ्या खिशात पे-इन स्लिपा होत्या. मी काही त्या काढल्या नाहीत.

"केवढा होता राहुल?"

"सात वर्षांचा."

"आणि ते किती वर्षांनी आले होते घरी?"

"राहुल जन्मला तेव्हा गेले होते. तेवढ्याच वर्षांनी."

लेक जरा वेळ चित्राकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "रविवारीपण नाही?"

गाइड हसला. मला हसता आलं नाही. मी उगाचच चष्मा पुसायला काढला आणि त्या अंधारात तो पुसून झाला की नाही हेही कळेना.

"मग दिलं का त्यांनी काही?"

"भिक्खू केलं. शारिपुत्राला सांगून दीक्षा दिली. आजोबांना, शुद्धोदनांना, फार वाईट वाटलं. मुलगा गेलाच होता, आता नातूही. त्यांनी बुद्धांना तसं बोलून दाखवलं. तेव्हापासून नियम झाला, आईवडिलांनी हो म्हटल्याशिवाय पोराला दीक्षा द्यायची नाही."

"म्हणजे आजोबा बोलले म्हणून नियम झाला," लेक म्हणाली. घरी तिचं जे काही मनासारखं होतं ते आजोबांमुळेच होतं, त्यामुळे तिला ते लगेच पटलं. माझ्या मात्र डोक्यातून त्या पोराची वर केलेली मान जाईना. बाप एवढा मोठा काढलाय. आणि पोराला विचारावं तर त्यानं काय सांगितलं असतं, घरी नसलेला माणूस मोठाच दिसतो?

जाऊ द्या. विसाव्याच्या पुढचा कातळ आला. मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं दोनदा पाहिलं. काही नव्हतं. सव्विसाव्यातल्या सात मीटर लांब महापरिनिर्वाणापुढे लेक चालून चालून इतकी दमली होती, की झोपलेल्या बुद्धाकडे तिनं असूयेनं पाहिलं. उतरताना एका माकडानं तिच्या हातातलं वेफर्सचं पाकीट नेलं. ह्या प्रसंगावर ती परतीच्या बसमध्ये मी सातवाहनांवर बोललो त्यापेक्षा जास्त वेळ बोलली.

फाट्यावर उतरलो तर सकाळचा दगडवाला वाट पाहत होता. सकाळी त्यानं लेकीला चिमुकला स्फटिक फुकट दिला होता आणि तिचं नाव विचारून घेतलं होतं. आता एवढ्या गर्दीतून त्यानं तिला नावानं हाक मारली. दिवसभरात मी हरिषेण, वराहदेव, शारिपुत्र अशी नावं तिच्यावर ओतली होती. तिच्या लक्षात राहिला होता त्याचा दुकान नंबर.

दुकानात काळ्या पाषाणाच्या पोकळीत वाढलेले स्फटिक, गारगोट्या, जांभळट चमकणारे अर्धे फोडलेले गोटे. घासाघीस करायला मी तय्यार. आमच्या शहरात निम्म्यावरून सुरुवात करतात. लेकीनं मुठीएवढा एक दगड निवडला. बाहेरून निव्वळ ढेकूळ, आत लखलख.

"किती?"

"दीडशे," दगडवाला म्हणाला. माझ्या तोंडात 'पंचाहत्तर' आलंच होतं.

लेक माझ्याकडे वळली, मान वर केली आणि तळहात पुढे केला. "बाबा, दे ना."

मी दोनशेची नोट त्या हातावर ठेवली. दगडवालाही चकित झाला. त्याची घासाघिशीची सगळी तयारी वाया गेली होती.

उरलेले पन्नास तिनं मला परत दिले नाहीत.