पोट्टा चालला विस्कॉन्सिनला

परदेशी निघालेल्या शाळकरी मुलांची तयारी करून घेणारी शिबिरं असतात. त्यांत एक तास खुळचट प्रश्नांसाठी राखून ठेवलेला असतो. तिकडची मुलं विचारतील, तुमच्याकडे वाघ रस्त्यावर फिरतात का? हत्ती गावात येतात का? घरात साप निघतात का? चिडायचं नाही. हसून सांगायचं की हे सगळे गैरसमज आहेत, आमचा देश आता पुष्कळ पुढे गेला आहे. मोठ्या शहरांतली मुलं माना डोलावतात आणि वहीत टिपून घेतात. चंद्रपूरचा पोट्टा मात्र पेन उघडून नुसता बसून राहतो. यातल्या नेमक्या कोणत्या प्रश्नाला 'नाही' म्हणायचं, हेच त्याला कळत नाही.

हा पोट्टा कल्पनेतला आहे. त्याला नाव दिलेलं नाही. घरी आजी, शाळेत मास्तर आणि गल्लीत सगळेच त्याला पोट्टा म्हणतात, तेवढं पुरे. पण वाघ, थंडी आणि पुढे येणारं शेण अगदी खरं आहे.

वाघांपासून सुरुवात करू. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. मंगळवारी ताडोबाचा गाभा पर्यटकांना बंद असतो. ही सूचना वाघांपर्यंत पोचलेली नाही. ते वारेमाप हिंडतात, आणि त्यांच्या आवडत्या जागांत २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र येतं. वीज केंद्राच्या हद्दीत झुडपी जंगल आहे, पाणी आहे, रानडुकरं आहेत. वाघाला आणखी काय हवं? ऊर्जानगर आणि दुर्गापूरच्या लोकांना रात्रपाळीला जाताना कुठल्या वळणावर हॉर्न वाजवायचा ते ठाऊक असतं. (२०२२ च्या फेब्रुवारीत याच भागात वाघाने एका कामगाराचा जीव घेतला. चंद्रपुरात या विषयावर हसतात, पण दार लावून हसतात.) हत्तींचं म्हणाल तर २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला, त्याला इथला धान आवडला आणि तो राहिला. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला सरकारी हत्ती आहेत ते वेगळेच. आणि साप? पोट्ट्याच्या आईच्या मोबाइलात सर्पमित्राचा नंबर गॅसवाल्याच्या नंबरच्या वर आहे.

शाळकरी मुलांनी वर्षभर परक्या देशात, परक्या घरात राहून तिथल्या शाळेत जायचं, ही कल्पना तशी जुनी. पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकी रुग्णवाहिकांच्या स्वयंसेवकांची संघटना, एएफएस, दुसऱ्या महायुद्धानंतर याच कामाला लागली. रोटरीची योजना साधारण पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी असते. मुलगा वर्षात एकाहून अधिक घरांत राहतो, अंगात कोट घालतो आणि भेटेल त्या देशाच्या मुलाशी बिल्ले बदलून ते कोटावर टोचतो. वर्षाच्या शेवटी कोटाचं कापड दिसेनासं होतं. शिवाय चार 'डी' वर्ज्य: ड्रायव्हिंग, ड्रिंकिंग, डेटिंग, ड्रग्ज. शेवटच्या तिन्हींच्या बंदीला पोट्ट्याच्या घरच्यांनी आनंदाने संमती दिली. पहिल्यावर पोट्टा हादरला. नववीपासून तो जटपुरा गेटच्या गर्दीतून ॲक्टिव्हावर ट्यूशनला जातो. वय आणि लायसन्स यांबद्दल इथे न विचारलेलं बरं.

निघायच्या आठवड्यात घरात दोन बॅगा उघड्या पडल्या, प्रत्येकी २३ किलोंच्या. आईने त्यांत कुरड्या, पापड, तिखट आणि लोणचं भरलं. बाबांनी ते काढून पुस्तकं भरली. आजीने पुस्तकं काढून गोधडी भरली. शेवटी यजमानांसाठी घेतलेला चिचपल्लीच्या बांबू केंद्रातला दिवा पोट्ट्याच्या मांडीवर आला आणि तसाच नागपूरच्या विमानतळापर्यंत गेला. चंद्रपूर ते नागपूर दीडशे किलोमीटर. तरी पोट्टा सुदैवी म्हणायचा. गडचिरोलीच्या मुलाला आगगाडी हवी असेल तर वर्षानुवर्षं अख्ख्या जिल्ह्यात वडसा हे एकच स्टेशन.

अमेरिकेत उतरताना कस्टमच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: तुम्ही गुराढोरांच्या जवळ गेला होता का? शिकवल्याप्रमाणे खरं बोलायचं म्हणून पोट्ट्याने आठवून पाहिलं. जटपुरा गेटजवळ आडवी बसलेली गाय, भाजीबाजारातला बैल, मूल गावातल्या मामाच्या घरची म्हशींची जोडी, आणि निरोपाच्या दिवशी आजीने जिच्या पायाला हात लावायला लावला ती गाय. त्याने 'हो'वर खूण केली. पुढचा पाऊण तास तो एका वेगळ्या खोलीत आपल्या बुटांचे तळवे दाखवत होता.

विस्कॉन्सिन हे राज्य चीज, दूध आणि बर्फ यांसाठी प्रसिद्ध. ऑगस्टमध्ये पोचलेल्या पोट्ट्याला पहिले दोन महिने वाटलं, थंडीची एवढी बोंब उगाच आहे. जानेवारीत पारा उणे पंचवीसवर गेला तेव्हा त्याने नाकातले केस गोठल्याचा निरोप घरी पाठवला. यजमान कुटुंबाला त्याची दया आली आणि त्यांनी विचारलं, तुमच्या गावी जास्तीत जास्त किती? तो म्हणाला, मे महिन्यात सत्तेचाळीस. सेल्सियसचं फॅरनहाइट करायला यजमानीणबाईंनी फोन काढला. उत्तर आलं जवळपास ११७. त्यांनी फोन पुसून पुन्हा आकडा घातला. पुन्हा ११७. मग त्यांनी अत्यंत हळुवारपणे विचारलं की, या काळात सगळे लोक नेमके कुठे जातात? पोट्टा म्हणाला, 'लग्नाला.'

आजीशी व्हिडिओवर बोलताना त्याने सांगून टाकलं की इथे तलाव गोठतो आणि लोक त्यावरून ट्रक नेतात, भोक पाडून खुर्ची टाकून मासे धरतात. आजी मूल तालुक्यातली, मालगुजारी तलावाच्या पाळीवर वाढलेली. अशा तलावांना त्या भागात मामा तलाव म्हणतात. पाण्याशी तिची जन्माची ओळख. ती म्हणाली, 'तलावावर गाडी चालवतेत म्हनते! तू नोको बसू बापा त्यात. गाडी कोनाची हाय?' गाडी यजमानांचीच होती. पोट्ट्याने नेटवर्क गेल्याचं नाटक केलं.

शाळेतला प्रसंग मात्र टळणार नव्हता. भूगोलाच्या तासाला शेवटच्या बाकावरून प्रश्न आलाच: तुमच्याकडे वाघ असतात का? शिबिरातल्या ताईंचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पोट्ट्याने तोंड उघडलं आणि त्यातून 'हो' बाहेर पडलं. गावात? हो, म्हणजे वीज केंद्रात. वीज केंद्रात वाघ काय करतो? राहतो. वर्ग हसला. वर्गात एक भारतीय वंशाची मुलगी होती, आईवडील पुण्याचे. तिने मधल्या सुट्टीत त्याला कोपऱ्यात गाठलं. अशा थापा मारून तू आम्हा सगळ्यांचं नाव खराब करतोस, ती म्हणाली. पुढच्या महिन्यात मराठी मंडळाच्या दिवाळीत तिच्या वडिलांनी विषय तिथूनच उचलला. 'चंद्रपूर म्हणजे नागपूरच्या अलीकडे की पलीकडे?' पोट्ट्याने विचार केला. पुण्याहून पाहिलं तर पलीकडे आणि गडचिरोलीहून पाहिलं तर अलीकडे. वडिलांना मुळात उत्तर नकोच होतं.

गंमत पुढे आहे. २०२२ च्या गणनेत भारतातल्या रानातल्या वाघांचा सरासरी अंदाज ३,६८२ निघाला, त्यात महाराष्ट्राचे ४४४. अमेरिकेत पिंजऱ्यांतले वाघ किती, तर जागतिक वन्यजीव निधीचा वर्षानुवर्षं सांगितला जाणारा अंदाज पाच हजारांच्या घरातला. त्यांतले कितीतरी परसदारी पाळलेले, रस्त्याकडेच्या खासगी प्राणिसंग्रहांतले. हौसेखातर वाघ पाळायला देशभर बंदी घालणारा कायदा थेट २०२२ च्या डिसेंबरात आला. म्हणजे 'तुमच्याकडे वाघ फिरतात का' हे पोट्ट्याला विचारणाऱ्या देशात, या अंदाजांवर विश्वास ठेवायचा तर, अख्ख्या भारताच्या रानात नाहीत इतके वाघ होते. पोट्ट्याने हे वर्गात मांडलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. पुण्याच्या मुलीने तर ते लिहूनही घेतलं.

नोव्हेंबरात त्याची पाळी आली थक्क व्हायची. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून विस्कॉन्सिनमध्ये नऊ दिवस बंदुकीने हरणं मारायचा हंगाम असतो. परवाना काढायचा, भडक नारिंगी जाकीट घालायचं आणि रानात जायचं. २०१६ पासून नारिंगीऐवजी भडक गुलाबीही चालतं, तसा कायदाच केला आहे. शाळेत निम्मी मुलं दिसेनात. घरचे आजोबा हरीण घेऊन आले, ते गॅरेजात टांगलं आणि शेजारी अभिनंदनाला आले. पोट्टा दारात उभा राहून मनातल्या मनात गुन्हे मोजत होता. चंद्रपुरात चितळाचं शिंग घरी सापडलं तरी वनखात्याची जीप येते. १९७२ चा वन्यजीवांचा कायदा तिथे बारक्या पोरालाही ठाऊक. त्याने दोनदा रस्त्याकडे पाहिलं. जीप आली, पण तिच्यातला वनाधिकारी हरणाचं वय तपासून, हसून, कॉफी पिऊन गेला. रात्री जेवायला तेच हरीण होतं. पोट्ट्याने बटाटे खाल्ले आणि बाबांना काहीच कळवलं नाही.

कुणीतरी विचारलं, तुमच्या भागात डोंगर आहेत का? म्हटलं तर नाहीत. चंद्रपूर शहर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास. पण २०१८ च्या मे महिन्यात इथल्याच आदिवासी आश्रमशाळांतली पाच मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली, मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी आणि त्यांचे तीन सोबती. मोहिमेचं नाव मिशन शौर्य. ऑगस्ट २०१७ मध्ये सराव सुरू झाला. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह करत नऊ महिन्यांत थेट ८,८४८ मीटर. भारताबाहेरची सहल म्हणून बघितलं तर हिच्यापुढे पोट्ट्याचं विस्कॉन्सिन म्हणजे काहीच नाही, आणि हे त्यानेच कबूल केलं. अमेरिकनांनी मात्र वाघांवर ठेवला तेवढाच विश्वास यावरही ठेवला.

मग शिकागोची सहल. फील्ड म्युझियममध्ये 'सू' नावाचा टी-रेक्स उभा आहे, बारा मीटरांहून लांब. १९९७ च्या लिलावात त्याच्यासाठी ८३ लाख डॉलरहून अधिक मोजले गेले. यजमान अभिमानाने म्हणाले, असलं काही तुमच्याकडे नसेल. पोट्टा शिष्टाचार म्हणून गप्प राहणार होता, पण वाघावरून पोळलेला जीव. त्याने सांगितलं, वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथे डायनासोरचं शेण सापडतं. दगड झालेलं. त्या शेणात शास्त्रज्ञांना गवताचे सूक्ष्म कण मिळाले, आणि २००५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ते छापून आलं. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, ही समजूत तेव्हा मोडली. यजमानांनी तिथल्या तिथे फोनवर शोधलं. पहिल्यांदाच पोट्ट्याचं म्हणणं ताबडतोब खरं निघालं. ८३ लाखांच्या सांगाड्याकडे पाठ करून सगळं कुटुंब शेणाचा फोटो पाहत उभं राहिलं.

अदलाबदल म्हटल्यावर उलट दिशेनेही कुणी येतं. पोट्ट्याच्या खोलीत त्या वर्षी जर्मनीची सोळा वर्षांची मुलगी राहिली. तिने ताडोबात तीन सफारी केल्या आणि तिन्ही वेळा रानगव्याची पाठ पाहिली. मार्चपासून घरातल्या कूलरमध्ये पाणी भरायच्या पाळीत तिचंही नाव लागलं. पण तिचा खरा पराक्रम हिवाळ्यातला. पोट्ट्याच्या मामाने तिला वडशाकडे झाडीपट्टीचं नाटक दाखवायला नेलं. रात्री दहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणारं, मंडपाखाली, शेकडो लोकांत. मध्यंतरात घोषणा झाली, 'खास जर्मनीवरून नाटक पाहायला आलेल्या पाहुण्या', आणि शाल-नारळ देऊन तिचा सत्कार झाला. तिला वाटलं, आता कुणीतरी हिटलरबद्दल विचारणार. तिच्याकडच्या शिबिरात तशी ताकीद दिली होती. पहिल्या रांगेतले एक काका उठले आणि म्हणाले, 'तुमच्याकडे धानाला बोनस भेटते का जी?' मामाने जमेल तसं इंग्रजी केलं. तिला 'बोनस' तेवढं कळलं. तिचे वडील मोटारींच्या कारखान्यात. ती म्हणाली, हो, दर डिसेंबरला, न चुकता. सकाळी सहाला चहाच्या टपरीवर बातमी पोचली होती की जर्मनीचं सरकार धानाचा बोनस नाताळाच्या आधीच खात्यात टाकते, आणि एक जण मामाला विचारत होता, तिकडे सातबारा लागते की नुसत्या आधारवर होते?