घरात राहणारा गॉगल

महागडी वस्तू घ्यायची आणि मग ती कशी वसूल झाली हे भेटेल त्याला पटवत फिरायचं, असा एक तरी गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. पुण्यात दोन-तीन असतात. आमच्याकडच्या नमुन्याला आम्ही आपसात वसूलराव म्हणतो. जन्म बँकेत काढलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून आयुष्यात पहिल्यांदा एक निव्वळ चैन केली : ११,४९० रुपयांचा गॉगल घेतला. त्या दिवसापासून ती चैन नव्हतीच, हे सिद्ध करायचं काम त्यांच्यामागे लागलं आहे.

"दहा वर्षं कुठे जात नाही हा. म्हणजे ३,६५० दिवस. भागा," ते म्हणतात. मी भागत नाही. तेच भागतात. "दिवसाला ३ रुपये १५ पैसे! अहो, एवढ्यात अमृततुल्यवाला चहाचा वाससुद्धा देणार नाही. आणि इथे प्रश्न डोळ्यांचा आहे."

हिशोब चोख आहे. फक्त त्यात गॉगल रोज वापरला जाईल असं धरलेलं आहे.

वसूलरावांचा गॉगल उन्हात जात नाही. अ‍ॅक्टिव्हावर तो चालत नाही, कारण हेल्मेटने काड्या फाकतात. सिंहगडावर धूळ असते, भिंगाला चरे पडतात. मुरुडला नेला होता, पण खाऱ्या हवेने बिजागरी गंजेल म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमाल बॅगेत अशा अवस्थेत त्याने समुद्र पाहिला. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा तर फ्रेम तापून वाकेल ही भीती. मग तो घालायचा कधी? तर लग्नात. एसी हॉलमध्ये. तेही डोळ्यांवर नाही, डोक्यावर. एरवी तो चष्म्याच्या घरात असतो, घर कपाटात आणि कपाटाची किल्ली वसूलरावांकडे. या घराला 'घर' का म्हणतात ते मला त्यांच्यामुळे कळलं. इतकी वर्षं एखाद्याला घराबाहेर पडू दिलं नाही तर दुसरं काय म्हणणार?

आणि हो, भिंगावरचं स्टिकर. डाव्या काचेच्या कोपऱ्यात 'पोलराइज्ड' असं छापलेलं स्टिकर अजून तसंच आहे. टीव्हीवरचं, फ्रिजवरचं आणि मिक्सरवरचंही तसंच आहे, त्यामुळे गॉगलवर अन्याय झालेला नाही. लग्नाचं जेवण वाढेपर्यंत ते स्टिकर वसूलरावांच्या डोक्यावरून जग बघतं.

पोलराइज्ड म्हणजे काय, हे मात्र ते छान समजावतात. ओल्या रस्त्यावरून, पाण्यावरून, समोरच्या गाडीच्या टपावरून जी आडवी चमक उसळते ती हे भिंग गाळतं. खरं आहे, फरक डोळ्यांना लगेच कळतो. पण तेच भिंग मोबाईलचा किंवा पंपावरच्या आकड्यांचा पडदा एखाद्या कोनात काळाठिक्कर करतं. एकदा, एकदाच, ते गॉगल घालून पेट्रोल भरायला गेले. मीटरवर शून्य दिसतंय का बघायला त्यांनी मान डावीकडे झुकवली, मग उजवीकडे. पंपावरचा पोरगा म्हणाला, "काका, मान धरलीय का? आमच्या गावाकडं एक जण चोळून देतो."

गॉगलचा इतिहासही त्यांना पाठ आहे. रे-बॅनचा एव्हिएटर १९३७ साली बाजारात आला, मूळ कल्पना अमेरिकन वैमानिकांचे डोळे उंचावरच्या झळाळीपासून वाचवायची, हे ते ताशी पस्तीसच्या वर न गेलेल्या अ‍ॅक्टिव्हाशेजारी उभे राहून सांगतात. "शेवटी इटालियन कंपनी आहे हो," हे शेवटचं वाक्य.

त्या वाक्याला दिवाळीच्या फराळात खिंडार पडलं. चकलीचा तुकडा मोडता मोडता पुतण्या म्हणाला, "काका, रे-बॅन, ओकली, पर्सोल सगळे एकाच कंपनीचे. प्राडाचे आणि शनेलचे गॉगलसुद्धा तीच परवान्यावर बनवते. दुकानात तुम्ही चार ब्रँड बघून निवड करता, आणि पैसे एकाच गल्ल्यात जातात." एवढ्यावर थांबला असता तर तो पुतण्या कसला? त्याने काडीची आतली बाजू वाचून दाखवली : मेड इन इंडिया. "राजस्थानात भिवाडीला कारखाना आहे ना त्यांचा."

वसूलराव दोन मिनिटं गप्प बसले. लाडू संपेपर्यंत त्यांना रस्ता सापडला. "म्हणजे स्वदेशी!" ते म्हणाले. पुढचे सहा महिने ते वाक्य चाललं.

वहिनींचा गॉगल तुळशीबागेतला, दीडशे रुपयांचा. त्या तो उन्हात घालतात, पावसात घालतात, कांदा चिरताना घालतात. दोन वर्षांत चार हरवले : एक एसटीत, एक भाजीवाल्याकडे, दोन कुठे ते माहीत नाही. "डोळे जातील त्या प्लॅस्टिकने," असं वसूलराव बजावत राहिले, आणि शेवटी दोन्ही गॉगल घेऊन लक्ष्मी रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानात गेले. साक्षीदार म्हणून मला नेलं.

दुकानदाराने जांभळ्या दिव्याच्या छोट्या यंत्राखाली दोन्ही भिंगं धरली. अतिनील किरण दोन्ही अडवत होती. "पॉलिकार्बोनेट असेल तर ते मुळातच अडवतं," तो म्हणाला. "पण रस्त्यावरचा प्रत्येक गॉगल पास होतो असं समजू नका. नुसतीच काळी काच असली आणि किरण अडवत नसली, तर ती न घातलेली बरी. अंधारात बाहुली मोठी होते आणि किरण जास्तच आत शिरतात." मग त्याने वहिनींचा गॉगल ट्यूबलाइटखाली हलवला, तशी ट्यूब सापासारखी वळवळली. "ही लाट बघा. याने डोकं दुखू शकतं." वसूलरावांचा चेहरा उजळला. माझं विचाराल तर चांगल्या भिंगासाठी आणि घट्ट बिजागरीसाठी दोन-अडीच हजार मोजावेत. त्यापुढचे पैसे काडीवरच्या नावाचे. पण हे मी तिथे बोललो नाही, कारण परत त्यांच्याच स्कूटरवर यायचं होतं.

घरी वहिनींनी निकाल ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "तुमचा आत्तापर्यंत सात वेळा घालून झालाय. मी मोजलंय. भागा." यावेळी वसूलरावांनी भागलं नाही, म्हणून मी भागलं. एका वेळेला १,६४१ रुपये.

गेल्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भेटायला गेलो तर वसूलराव गॅलरीत, भर उन्हात, दवाखान्यातून फुकट मिळालेला काळा प्लॅस्टिकचा गॉगल लावून ऐसपैस बसले होते. त्याला चरा पडेल ही भीती नव्हती. मुख्य म्हणजे तो डोळ्यांवर होता.

"डोळ्यात जे भिंग बसवतात ना, त्यातच अतिनील किरण अडवायची सोय असते," ते खालच्या आवाजात म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, तुमच्या भिंगात आहे. २८,००० पडले. पण काढायचा प्रश्नच नाही, झोपेतसुद्धा आत. वीस वर्षं धरा. दिवसाला ३ रुपये ८४ पैसे."

"आणि हे खरंच रोज वापरणार तुम्ही," मी म्हटलं.

ते खूश झाले. मग आत जाऊन दवाखान्याची फाइल घेऊन आले. भिंगाच्या खोक्यावरचं स्टिकर डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर चिकटवून दिलं होतं. वसूलरावांनी ते कार्ड लॅमिनेट करून आणलं होतं.