वाढीव रश्श्याचे साठ रुपये

जुन्नरच्या जेवणात परदेशी माणसाने हात घातला त्याला दोनेक हजार वर्षं होत आली. इथल्या लेण्यांतल्या एका ब्राह्मी लेखात चिट नावाच्या यवनाने, म्हणजे बहुधा ग्रीकाने, भिक्षुसंघाला भोजनमंडप दान केल्याची नोंद आहे. मंडप देऊन गृहस्थ गप्प बसला. आत काय शिजवायचं ते त्याने सांगितलं नाही. हल्ली उलटं आहे. मंडप आपला, मेनूकार्ड तेवढं बाहेरचं.

२०१८मध्ये सरकारने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. पर्यटकाला इथे काय खायला आवडेल याचा विचार मंचर ते नारायणगाव पट्ट्यातल्या एका हॉटेलाने फारच मनावर घेतलेला दिसतो. (नाव कशाला? पाटीवर दिवे भरपूर आहेत.) पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन आणि मासवडी थाळी यांच्याखाली आता ‘जॅपनीज-कोरियन रामेन’ अशी ओळ आली आहे. दोन देशांचं भांडण एका आडव्या रेघेत मिटवलेलं.

तिथे टोमॅटोचे बागायतदार असलेले एक मामा आणि पुण्याच्या कंपनीतला त्यांचा भाचा जेवायला बसले. भाच्याने मागवलं ‘व्हेज टोंकोत्सू’.

टोंकोत्सू हा जपानच्या क्युशू बेटावरल्या हाकाताचा अभिमान. डुकराची हाडं तासन्‌तास खळखळ उकळून त्यांचं सत्त्व पाण्यात उतरवतात, तेव्हा कुठे रस्सा दुधासारखा पांढरा होतो. त्याचा शाकाहारी अवतार म्हणजे तमाशापंढरी नारायणगावात ढोलकीशिवाय उभा केलेला फड. जपानी माणूस शाकाहारी रामेन करत नाही असं नाही. तो कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि सुके मशरूम भिजवून त्यांचा अर्क काढतो. याच कोंबूतून किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८मध्ये ग्लुटामेट वेगळं केलं, तेच पुढे अजिनोमोटो होऊन आपल्या चायनीजच्या गाड्यांवर पोचलं. या हॉटेलात शेवाळ आलं नव्हतं, मशरूम आले नव्हते. पांढरी पूड मात्र वेळेवर हजर होती.

काळा खोलगट बाऊल आला. कोमट पाणी, पाकिटातल्या नूडल्स, मक्याचे दाणे, पनीरचे दोन तुकडे आणि टोमॅटोची एक पातळ चकती. २०२३च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला होता, तेव्हा ही काटकसर शोभली असती. मामांनी चकती उचलून उजेडाकडे धरली. आरपार दिसत होतं.

‘‘मामा, चॉपस्टिकने खायचं असतं.’’

‘‘काड्यांनी रस्सा कसा प्यायचा रे?’’ म्हणून मामांनी बाऊल तोंडाला लावला आणि दणदणीत भुरका मारला. भाचा ओशाळला. जपानात रामेन असंच आवाज करत ओरपतात, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. अख्ख्या हॉटेलात जपानी असं काही असेल, तर ते मामाच.

पाकिटातल्या नूडल्सशी कुणाचं वैर असायचं कारण नाही. मोमोफुकू आंदो यांनी १९५८मध्ये त्या बाजारात आणल्या, १९७१मध्ये कपात भरल्या. आपल्याकडे १९८३मध्ये मॅगी आली. भर पावसात माळशेज घाटातल्या टपरीवर मॅगी खाऊन कुणाची निराशा झाल्याचं ऐकिवात नाही. टपरीवाला तिला मॅगी म्हणतो आणि मॅगीचेच पैसे घेतो. इथे त्याच ऐवजाचे साडेतीनशे.

मामांनी सवयीने रिकामा बाऊल पुढे केला. ‘‘रस्सा वाढा.’’

‘‘एक्स्ट्रा सूप साठ रुपये, काका.’’

हाकातात रस्सा उरला की वरून नूडल्सची दुसरी खेप मागवतात, तिला काएदामा म्हणतात आणि तिचेही पैसे पडतात. पण मामा ज्या मुलखातले, तिथे रश्श्याचे वेगळे पैसे मागणं म्हणजे लग्नात पाण्याच्या ग्लासाचं बिल देणं. जुन्नर-आंबेगावात मासवडी खायची ती रश्श्यासाठी. बेसन घाटून ते गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, सुकं खोबरं, लसूण यांचं सारण पसरायचं आणि फडक्यानेच वळून माशाचा आकार द्यायचा. रश्श्यासाठी कांदा-खोबरं काळपट होईस्तोवर भाजून वाटायचं. घरच्या बाईची सकाळ त्यात जाते, आणि पंगतीत रस्सा कमी पडला तर पिढ्यान्‌पिढ्या बोलणी खावी लागतात.

तेव्हा मामांनी तोंडाची चव परत आणायला मासवडी थाळी सांगितली. ती आली. वडी आदल्या दिवशीची; सारणात तिळापेक्षा शेंगदाण्याचा कूट जास्त; रश्श्यावरची तर्री हुबेहूब शेजारच्या टेबलावरच्या पनीर मसाल्यासारखी. भाच्याने बाऊलच्या तळाशी उरलेलं सूप चाखलं, मग मासवडीचा रस्सा चाखला, मग पुन्हा सूप.

‘‘मामा, खालचं पाणी एकच आहे.’’

बिलात मात्र दोन्ही वेगवेगळं लावलं होतं.