पुढाऱ्याचा विटाळ

निवडणूक आली की सोलापुरातले युद्धविरोधी धर्मसंकटात सापडतात. उमेदवाराच्या व्यासपीठावर बसलं तर ‘विकले गेले’, नाही बसलं तर कुत्रं विचारत नाही. याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, युद्धातल्या जखमींची सेवा केली, १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यासह पाच डॉक्टरांना तिकडे धाडलं कुणी? काँग्रेसने, म्हणजे चक्क राजकारण्यांनी! तेव्हा पुढाऱ्याचा विटाळ मानू नये. तो मतं मागायला दारात आला की शेंगाचटणी-भाकरी पुढे ठेवावी आणि विचारावं, ‘साहेब, पुढच्या युद्धाला डॉक्टर धाडणार की नुसत्या घोषणा?’ उत्तर मिळणार नाही. सोलापुरी चादर मात्र खांद्यावर पडेल, तीही फोटोपुरती.